घराखालची जमीन मिळवून देणाऱ्या गौरी अम्मा

झोपडी आपली, पण झोपडीखालची जमीन दुसऱ्याची. मालकाची मर्जी आहे तोवर राहायचं, त्याच्या शेतात आणि नारळीच्या बागेत राबायचं, सणासुदीला त्याच्या दारात केळीचे घड नेऊन ठेवायचे. मर्जी फिरली की भांडीकुंडी डोक्यावर घेऊन चालू लागायचं. पोरंबाळं मागून. १९५७ पर्यंत केरळमधली असंख्य कुटुंबं अशीच जगत होती. मल्याळममध्ये त्यांना ‘कुडिकिडप्पुकार’ म्हणत, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून पडून राहिलेले लोक.

११ एप्रिल १९५७ रोजी केरळ सरकारने एक वटहुकूम काढला. कुळांना आणि अशा झोपडीवाल्यांना जमिनीवरून हुसकावण्याची सगळी प्रकरणं आहेत तिथे थांबवा, असा त्याचा अर्थ. सरकारला शपथ घेऊन जेमतेम ६ दिवस झाले होते. महसूल खातं ज्यांच्याकडे होतं त्या मंत्री ३७ वर्षांच्या होत्या आणि ११ जणांच्या मंत्रिमंडळात एकट्याच स्त्री होत्या. नाव के. आर. गौरी. पुढे सगळं केरळ त्यांना गौरी अम्मा म्हणू लागलं.

आपल्याकडे आमदार म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? चौकातले फ्लेक्स, गाड्यांचा ताफा, लग्नात आहेर आणि मयताला हजेरी. फार तर रस्ता आणि गटार. कायदे करायला आपण या माणसांना विधानसभेत पाठवतो, हे आपल्यालाही आठवत नाही आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनाही. गौरी अम्मांचं आयुष्य वाचताना ते वारंवार आठवतं. त्या त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत दोनदा आणि केरळ राज्य झाल्यावर पहिल्या अकरा विधानसभांपैकी एक सोडून सर्व सभागृहांत निवडून आल्या. सहा मंत्रिमंडळांत मंत्री होत्या. एवढ्या काळात त्यांनी काय मिळवलं आणि त्यासाठी काय गमावलं, याचा हिशेब मात्र आकड्यांत मांडता येत नाही.

चेर्तल्याची वकीलीणबाई

गौरी अम्मांचा जन्म १४ जुलै १९१९ चा. अलप्पुझाजवळ चेर्तला तालुक्यातलं पट्टणक्काड हे त्यांचं गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीसारखं पसरलेलं पाणी आणि मध्ये नारळाची झाडं. इथे बऱ्याच घरांत नारळाच्या काथ्यापासून दोर वळत. घराणं एझवा समाजातलं. हा समाज संख्येने मोठा, पण तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात देवळात जायची त्याला बंदी होती. संस्थानातली देवळं सर्वांना खुली करणारा जाहीरनामा १२ नोव्हेंबर १९३६ रोजी निघाला, तेव्हा गौरी १७ वर्षांच्या होत्या. म्हणजे लहानपणभर त्यांनी देऊळ बाहेरूनच पाहिलं.

घर मात्र खाऊन-पिऊन सुखी होतं. याच समाजातून आलेल्या नारायण गुरूंच्या सुधारणेचं वारं सगळीकडे पोहोचलं होतं आणि मुलगी म्हणून गौरीचं शिक्षण वडिलांनी थांबवलं नाही. एर्नाकुलमला महाराजा कॉलेज आणि सेंट तेरेसा कॉलेज, मग कायद्याचं शिक्षण. एझवा समाजातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. शिक्षण संपवून त्यांनी चेर्तल्याच्या कोर्टात वकिली सुरू केली.

सुखाने वकिली करावी, असा काळ तो नव्हता. त्यांच्या गावापासून जवळच वायलार आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा आणि वायलार इथे काथ्याकामगार, शेतमजूर आणि मच्छीमारांनी दिवाणाच्या राजवटीविरुद्ध उठाव केला. संस्थानाच्या फौजेने गोळ्या घालून तो मोडला. किती माणसं मेली याचा नक्की हिशेब कुणीच ठेवला नाही. गौरींचे थोरले भाऊ सुकुमारन कामगार चळवळीत होते, त्यामुळे ही माणसं घरात येणारी-जाणारीच होती. १९४८ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व घेतलं आणि त्याच वर्षी निवडणूकही लढवली. हरल्या.

पुढची काही वर्षं तुरुंग, भूमिगत कार्यकर्ते आणि पोलिसांचा मार यांची होती. कोठडीत बायकांवर काय गुदरतं हे सांगताना त्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. लाठ्यांपासून मुलं झाली असती तर मला किती तरी लाठ्या झाल्या असत्या, अशा अर्थाचं त्यांचं एक बोलणं केरळमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. हे त्या बंद दारामागे कुजबुजल्या नव्हत्या, उघडपणे बोलल्या होत्या. त्या काळात एखाद्या बाईने चारचौघांत असं बोलणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्या आज्यांना विचारून करता येईल.

१९५२ आणि १९५४ मध्ये त्या त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मल्याळम बोलणाऱ्यांचं केरळ राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी पहिली निवडणूक झाली. १२६ पैकी ६० जागा कम्युनिस्ट पक्षाला मिळाल्या. पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले. या मंत्रिमंडळात पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्ही. आर. कृष्ण अय्यर होते, पुढे मुख्यमंत्री झालेले सी. अच्युत मेनन होते. सगळ्यात अवघड खातं, महसूल, गौरींकडे आलं.

दहा सेंट म्हणजे चार गुंठे

एक योगायोग मराठी वाचकांना लगेच लक्षात येईल. १ एप्रिल १९५७ हा आपल्याकडचा ‘कृषक दिन’. तेव्हाच्या मुंबई राज्यात कूळकायद्याखाली याच दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं असं मानलं गेलं. साताबाऱ्याच्या उताऱ्यावरून घराघरांत झालेली भांडणं आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहेत. केरळमध्ये नवं सरकार आलं ते त्यानंतर चारच दिवसांनी. देशभर जमिनीचा प्रश्न एकाच वेळी पेटला होता. केरळचं वेगळेपण इतकंच की तिथे शेतजमिनीबरोबर घराखालच्या जमिनीचाही विचार झाला.

केरळमधल्या जमीनमालकाला ‘जन्मी’ म्हणत. जन्मीकडून एकाने जमीन घ्यायची, त्याने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. कसणारा सगळ्यात खाली, आणि त्याहून खाली तो खोपटवाला मजूर. मलबार, कोचीन आणि त्रावणकोर या तीन भागांत तीन तऱ्हेचे हक्क, तीन तऱ्हेची नावं. हा गुंता सोडवून एक कायदा करायचा होता.

वटहुकूम हा तात्पुरता टेकू होता. कोर्टकचेऱ्या करणाऱ्या माणसाला तो किती मोलाचा आहे हे पटकन कळतं. कायदा होणार अशी कुणकुण लागली की मालक आधी कुळांना बाहेर काढतो, आणि मग कायदा आला तरी त्याचा लाभ घ्यायला जमिनीवर कुणी उरतच नाही. चेर्तल्याच्या कोर्टात वकिली केलेल्या बाईंनी आधी ते दार बंद केलं आणि मग विधेयकाच्या मसुद्याकडे वळल्या.

डिसेंबर १९५७ मध्ये कृषिसंबंध विधेयक विधानसभेत आलं. चर्चा, समिती, शेकड्यांनी दुरुस्त्या, असं करत ते १० जून १९५९ रोजी मंजूर झालं. जमिनीवर कमाल मर्यादा, कुळाला मालकी विकत घेण्याचा हक्क आणि खोपटवाल्याला संरक्षण, हा त्याचा गाभा.

तोवर राज्यात वातावरण तापलं होतं. खासगी शाळांवर नियंत्रण आणणाऱ्या शिक्षण विधेयकाने चर्च आणि नायर सर्व्हिस सोसायटी दोघेही चिडले होते, जमीनदार आधीपासून चिडलेले होते, काँग्रेस विरोधात होतीच. ‘विमोचन समरम’ या नावाने मोठं आंदोलन उभं राहिलं. गोळीबार झाले, माणसं मेली. सरकारच्याही चुका होत्या. पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते पोलीस ठाण्यावर हुकूम चालवतात, ही तक्रार सगळीच खोटी नव्हती. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने राज्य सरकार बरखास्त केलं. विधेयक मंजूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि राष्ट्रपतींची सही व्हायची होती. ती त्या रूपात झालीच नाही.

पुढच्या सरकारने बदल करून कायदा केला, न्यायालयाने त्याचे महत्त्वाचे भाग उडवले. १९६३ मध्ये नवा जमीन सुधारणा कायदा झाला, तो बराच सौम्य होता. गौरी अम्मा या काळात विरोधी बाकांवर होत्या. १९६४ मध्ये पक्ष फुटला आणि त्या मार्क्सवादी पक्षात गेल्या. १९६५ मध्ये निवडून आल्या, पण कुणालाच बहुमत नसल्याने ती विधानसभा भरलीच नाही. १९६७ मध्ये नंबुद्रीपाद पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि महसूल खातं पुन्हा गौरी अम्मांकडे आलं. दहा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं काम टेबलावर तसंच पडलं होतं.

या वेळी १९६३ च्या कायद्यात दुरुस्ती करायची होती, पण दुरुस्ती मुळापासून. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती मंजूर झाली. काही दिवसांतच आघाडी फुटून सरकार पडलं. तरी या वेळी कायदा वाचला. १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला आणि त्या दिवसापासून केरळमध्ये कूळ-मालक हे नातंच संपलं. कुळाची जमीन सरकारकडे गेली आणि सरकारकडून कुळाला मालकी मिळाली. पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबाला १० प्रमाण एकर ही कमाल मर्यादा ठरली.

आणि झोपडीवाल्यांना? पंचायतीच्या हद्दीत १० सेंट, लहान नगरपालिकेत ५ सेंट, मोठ्या शहरात ३ सेंट जमीन बाजारभावाच्या अगदी थोड्या हिश्श्यात विकत घेण्याचा हक्क. एका एकरात १०० सेंट असतात. म्हणजे १० सेंट बरोबर आपले ४ गुंठे. त्यात एक घर, दोन-चार नारळ, एक फणस, मागे केळी, एखादी बकरी. आज केरळमध्ये रस्त्याने जाताना मैलोनमैल घरामागून घर दिसतं, प्रत्येकाला आपलं कुंपण, आपली विहीर. मालकाच्या अंगणात पडून राहिलेल्या माणसाचा नातू आज त्याच जागेच्या पट्ट्यावर बँकेतून शिक्षणाचं कर्ज काढू शकतो. ही गोष्ट मला जमिनीच्या कमाल मर्यादेपेक्षाही मोठी वाटते. कारण शेत मिळालं नाही तरी माणूस मजुरी करून जगतो. घर सोडायची भीती असेल तर मजुरी वाढवून मागायलाही त्याची जीभ रेटत नाही.

हा हक्कही कागदावर आपोआप आला नाही. १९७० च्या सुरुवातीला ठिकठिकाणी लोकांनी स्वतःच आपल्या १० सेंटांना कुंपण घातलं, नारळ उतरवले आणि मालकांच्या माणसांशी मारामाऱ्या केल्या. गौरी अम्मांचा पक्ष तेव्हा सत्तेबाहेर होता आणि या आंदोलनात पुढे होता. अंमलबजावणी केली ती अच्युत मेनन यांच्या सरकारने. हे श्रेय नक्की कुणाचं, यावर दोन्ही कम्युनिस्ट पक्षांत नंतर अनेक वर्षं वाद चालला.

या कायद्याचा आणखी एक धागा सगळ्या देशापर्यंत जातो. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीसाठी याच कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यांच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले. १३ न्यायाधीशांनी २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला की संसदेला राज्यघटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. मठाला जमीन वाचवता आली नाही. पण एका राज्याच्या महसूल कायद्यावरून सुरू झालेल्या भांडणातून सगळ्या देशाला राज्यघटनेचं एक कवच मिळालं.

उणिवा नव्हत्या असं नाही. चहा, रबर, कॉफीचे मळे कमाल मर्यादेतून वगळले गेले, आणि केरळच्या डोंगरातली जमीन बहुतेक त्यांचीच. १९५७ ते १९७० या लांबलेल्या काळात जमीनदारांनी मुला-नातवांच्या नावे वाटण्या करून घेतल्या, त्यामुळे वाटायला अपेक्षेपेक्षा फारच कमी जमीन उरली. शेताची मालकी मिळाली ती कागदोपत्री कूळ असलेल्यांना. शेतात खरोखर राबणारे दलित मजूर कूळ नव्हतेच. त्यांच्या वाट्याला ते १० सेंटच आले, आणि आजही अनेकांकडे तेवढंच आहे. आदिवासींना तर तेही धडपणे मिळालं नाही.

एक घर, दोन पक्ष

१९५७ च्या मंत्रिमंडळात टी. व्ही. थॉमस हे अलप्पुझाच्या कामगार चळवळीतले जुने नेते होते. मंत्री झाल्यावर त्याच वर्षी गौरी आणि थॉमस यांनी लग्न केलं. ती एझवा घरातली, तो ख्रिस्ती घरातला, दोघंही चाळिशीच्या आसपास आणि दोघंही मंत्री. सगळ्या केरळात या लग्नाची चर्चा झाली.

सात वर्षांनी पक्ष फुटला. गौरी अम्मा मार्क्सवादी पक्षात गेल्या, थॉमस जुन्याच पक्षात राहिले. घरात राजकारणावरून वाद होणं आपल्याला नवीन नाही. दोन भाऊ दोन पक्षांत असतात, दिवाळीला एकत्र फराळ करतात. पण इथे दोघांच्याही आयुष्यात पक्षाशिवाय फारसं काही नव्हतं. मित्र पक्षातले, शत्रू दुसऱ्या पक्षातले, आणि आता नवराच दुसऱ्या पक्षात. १९६७ च्या आघाडी सरकारात ते दोघं आपापल्या पक्षांकडून मंत्री झाले आणि शेजारी-शेजारी सरकारी बंगल्यांत राहिले. एकाच मंत्रिमंडळाच्या बैठकीला जाणारे नवरा-बायको संध्याकाळी दोन वेगळ्या दारांनी आत जात होते. हे लग्न पुढे टिकलं नाही.

दोष फक्त पक्षाचा होता का? गौरी अम्मांनी स्वतः नंतर थॉमस यांच्याविषयीच्या वैयक्तिक तक्रारीही मोकळेपणाने सांगितल्या आहेत. लग्न मोडायला एकच कारण पुरतं असं क्वचितच होतं. तरी एक फरक डोळ्यांत खुपतो. नवऱ्याच्या पक्षात गेली असती तर ‘आदर्श पत्नी’ म्हणून तिचं कौतुक झालं असतं. ती गेली नाही म्हणून लोकांनी तिला कठोर ठरवलं. थॉमस बायकोच्या पक्षात का गेले नाहीत, असं मात्र कुणी विचारलं नाही.

१९७७ च्या निवडणुकीत गौरी अम्मा अरूर मतदारसंघात हरल्या, आणि त्यांना हरवणारा उमेदवार थॉमस यांच्या पक्षाचा होता. त्याच वर्षी थॉमस कॅन्सरने गेले. त्यांना मूल नव्हतं. पुढची ४४ वर्षं गौरी अम्मांनी एकटीने काढली.

घोषणा दिली, खुर्ची दिली नाही

१९८० मध्ये त्या पुन्हा अरूरमधून निवडून आल्या आणि मंत्री झाल्या. मग आली १९८७ ची निवडणूक. डाव्या आघाडीच्या सभांमध्ये एक घोषणा घुमत होती. नारळांनी भरलेल्या या केरळावर आता के. आर. गौरी राज्य करणार, असा तिचा अर्थ. मल्याळममध्ये ती यमकात बसते, त्यामुळे लहान मुलंही म्हणत. बायका सभांना मोठ्या संख्येने येत होत्या. आघाडी जिंकली. मुख्यमंत्री झाले ई. के. नायनार.

गौरी अम्मांना उद्योग आणि समाजकल्याण ही खाती मिळाली. त्यांनी रागावून घरी बसायचं नाकारलं आणि कामाला लागल्या. तिरुवनंतपुरमचं टेक्नोपार्क, देशातल्या अगदी सुरुवातीच्या माहिती तंत्रज्ञान उद्याननगरींपैकी एक, १९९० मध्ये सुरू झालं ते त्या उद्योगमंत्री असताना. ज्या पक्षाच्या संघटना संगणकाला विरोध करत होत्या त्याच पक्षाच्या या मंत्री. राज्य महिला आयोगाचं विधेयकही त्याच सरकारच्या काळातलं. आयोग प्रत्यक्ष यायला मात्र १९९६ उजाडलं.

फाइल वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या आणि अधिकाऱ्याला तोंडावर झापणाऱ्या म्हणून त्यांचा दरारा होता. पुरुष मंत्र्याने हे केलं की त्याला ‘खमका’ म्हणतात. गौरी अम्मांना ‘तापट’, ‘हट्टी’, ‘अहंकारी’ ही विशेषणं लागली. पक्षाशी खटके वाढत गेले. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे वयाच्या ७४ व्या वर्षी, ज्या पक्षासाठी त्यांनी घर मोडू दिलं होतं त्या पक्षाने त्यांना काढून टाकलं.

या वयात माणसं आत्मचरित्र लिहायला घेतात. गौरी अम्मांनी त्याच वर्षी नवा पक्ष काढला, जनाधिपत्य संरक्षण समिती, आणि काँग्रेसच्या आघाडीत गेल्या. जिच्याविरुद्ध आयुष्यभर लढल्या तिच्याच मांडीला मांडी लावून बसणं अनेकांना पटलं नाही, आणि ते पटण्यासारखं नव्हतंच. त्यांचा पक्ष कधी मोठाही झाला नाही. पण अरूरच्या मतदारांनी १९९६ मध्ये आणि २००१ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिलं. चिन्ह बदललं, आघाडी बदलली, मतदारांनी नाव पाहून मत दिलं. ए. के. अँटनी आणि ओमन चांडी यांच्या सरकारांत त्या कृषिमंत्री होत्या. पद सोडलं तेव्हा वय होतं ८६.

सभागृहात एकट्या

सगळ्या कारकिर्दीत एक प्रसंग मला वटहुकमाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा कमी होते. केरळमध्ये १९७५ मध्ये एक कायदा झाला होता. आदिवासींकडून बाहेरच्यांनी घेतलेली जमीन त्यांना परत करायची, असं तो सांगत होता. तो वर्षानुवर्षं अमलातच आला नाही. त्या जमिनींवर आता डोंगरात स्थायिक झालेले शेतकरी होते, त्यांची मतं होती, प्रत्येक पक्षाला ती हवी होती. उच्च न्यायालयाने अंमलबजावणीचा तगादा लावल्यावर १९९० च्या दशकात सरकारने कायदाच सौम्य करणारं विधेयक आणलं. डावे आणि काँग्रेस एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. या विधेयकावर त्यांचं एकमत झालं.

१४० जणांच्या त्या सभागृहात विरोधात उभ्या राहिल्या एकट्या गौरी अम्मा. विधेयक मंजूर झालं, त्यांच्या एका मताने काही फरक पडला नाही. त्यांच्या अरूर मतदारसंघात समुद्र आणि खाडी आहे, डोंगर नाही. तिथे आदिवासींची मतं मिळवायची नव्हती. १९७० च्या कायद्याने ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, त्यांच्या बाजूने तो कायदा करणारी बाई एकटीच बोलत होती, एवढंच विधानसभेच्या नोंदीत राहिलं.

शंभरी

२००६ मध्ये अरूरमध्ये त्या हरल्या. २०११ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी चेर्तल्यातून पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणजे ज्या गावच्या कोर्टात वकिली केली तिथून. तिथेही हरल्या. इथे खरं सांगायचं तर थांबायला हवं होतं असं वाटतं. पण घरात आजीला ‘आता पुरे’ म्हणणं जितकं अवघड, तितकंच ते केरळला अवघड गेलं असावं. त्यांच्या आत्मकथेला २०११ चा केरळ साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेवढी त्या काळातली एक गोड बातमी.

पुढे मार्क्सवादी पक्षाशी त्यांचं पुन्हा जुळलं. २०१९ मध्ये त्यांची शंभर वर्षं पूर्ण होत होती तेव्हा अलप्पुझात झालेल्या सोहळ्याला मुख्यमंत्री पिनराई विजयन गेले. त्यांना काढून टाकणाऱ्या पक्षाचेच हे नेते. भाषणांत कौतुक भरपूर झालं.

११ मे २०२१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये गौरी अम्मा गेल्या. वय १०१. नुकतीच निवडणूक झाली होती आणि नव्या विधानसभेत १४० पैकी ११ बायका निवडून आल्या होत्या. १९५७ च्या पहिल्या सभागृहात १२६ पैकी ६ होत्या. साक्षर, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांचं हे राज्य. गौरी अम्मा डोळे मिटेपर्यंत तिथे एकही स्त्री मुख्यमंत्री झाली नव्हती.

कोरोनाची टाळेबंदी होती, गर्दीला परवानगी नव्हती. शासकीय इतमामात त्यांना अलप्पुझाच्या वलिय चुडुकाडू या स्मशानभूमीत नेलं. पुन्नप्रा-वायलारच्या पिढीतले अनेक कार्यकर्ते तिथे विसावले आहेत. टी. व्ही. थॉमसही तिथेच आहेत.